डीब्रूएनेचा नकार आणि मावसभावाशी अबोला

पत्र, थोडं आटोपतं करून:

"मी मूळचा कोल्हापूरचा. २०१८ पासून शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. इथल्या शिकागो फायर या फुटबॉल क्लबचं सीझन तिकीट आहे, माझं आणि अकरा वर्षांच्या मुलीचं. २०२५ च्या मे महिन्यात बातम्या यायला लागल्या, की इंग्लंडचा मँचेस्टर सिटी क्लब सोडणाऱ्या बेल्जियमच्या केव्हिन डीब्रूएनेशी आमच्या क्लबची बोलणी चालू आहेत. मुलीने वहीच्या मागच्या पानावर फायरचा लाल शर्ट काढला, त्यावर त्याचा सिटीतला १७ नंबर. जूनमध्ये तो इटलीच्या नापोली क्लबला गेला. मुलीने विचारलं, 'बाबा, त्याला आपलं शहर आवडलं नाही का?' मला काही सांगता आलं नाही.

माझा मावसभाऊ कोल्हापुरातच असतो, सिटीचा कट्टर चाहता. त्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'दादा, तुमच्या शिकागोला कोण येतंय? पेन्शन घ्यायला जात्यात तिथं, खेळायला न्हाई.' मी भडकलो. ज्याला अजून पासपोर्ट काढायला जमलं नाही त्याने अमेरिकेवर बोलू नये, असं लिहून बसलो. ऑक्टोबरात डीब्रूएने जखमी झाला, ती बातमी मी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'बरं झालं.' तेव्हापासून भाऊ माझ्याशी बोलत नाही. मावशी फोनवर रडली. इकडे आमच्या मॅचच्या मित्रांमध्येही दोन तट पडलेत. एक म्हणतात त्याने आमचा अपमान केला, दुसरे म्हणतात सुटलो. तो चुकला की नाही ते तुम्ही सांगा. पुढच्या वर्षी तिकीट घ्यावं का? आणि भावाशी काय बोलू?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात सगळ्यात चांगला प्रश्न तुमच्या मुलीचा आहे. बाकीच्या मंडळींनी मतं मांडली, तिने विचारलं. म्हणून आधी तिच्याकडे वळते.

तिला सांगा, की नकार शहराला नव्हता. मुलं 'मोठी झालीस की कळेल' यावर गप्प बसतात, पण समाधानी होत नाहीत, तेव्हा तिला नीट कारणं सांगा. अकरा वर्षांच्या मुलीला ती कळतात. त्या जूनमध्ये डीब्रूएने चौतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. दहा वर्षं ज्या क्लबसाठी तो खेळला, त्या सिटीने त्याला नवा करार देऊ केला नाही. आपण अजून वरच्या पातळीवर खेळू शकतो, हे तो उघडपणे म्हणत होता. त्याच वेळी नापोलीने इटलीची लीग नुकतीच जिंकली होती, म्हणजे पुढच्या मोसमात चँपियन्स लीग नक्की. रोमेलू लुकाकू, त्याचा बेल्जियमच्या संघातला जुना जोडीदार, तिथे आधीपासून होता. नापोलीच्या लोकांना बेल्जियन खेळाडूचं अप्रूपही जुनं आहे. त्या क्लबसाठी सर्वाधिक गोल करणारा द्रीस मर्टन्स बेल्जियमचाच, १४८ गोल आहेत त्याचे. आणि २०२६ चा विश्वचषक समोर. अशा माणसापुढे दोन कागद ठेवले, तर तो कोणत्या कागदावर सही करेल हे तुमची मुलगीसुद्धा सांगेल.

तेव्हा तो चुकला का, याचं माझं उत्तर: नाही. अजिबात नाही. त्याने कुणाला शब्द देऊन फिरवला नाही, करार करून मोडला नाही. प्रस्ताव आला, त्याने विचार केला, तो दुसरीकडे गेला. एखाद्या घरी मुलगी बघून आले म्हणून लग्न ठरलं असं कुणी धरत नाही, आणि पुढे जमलं नाही तर दोन्ही घरांनी एकमेकांची नालस्ती करू नये एवढी रीत आपण पाळतोच.

मग तुम्हाला इतकं का लागलं? मला वाटतं, याचं निम्मं कारण अमेरिकेच्या लीगचे नियम आहेत. मेजर लीग सॉकरमध्ये खेळाडूचा करार क्लबशी नसतो, थेट लीगशी असतो. आपल्याच क्लबांनी एकाच खेळाडूसाठी एकमेकांवर बोली चढवू नये, म्हणून प्रत्येक क्लब बाहेरच्या काही खेळाडूंची नावं एका यादीत नोंदवून ठेवतो. डिस्कव्हरी लिस्ट म्हणतात तिला. ज्याच्या यादीत नाव, त्याला लीगमध्ये पहिला हक्क. दुसऱ्या क्लबला तोच खेळाडू हवा असेल तर ५० हजार डॉलरची लीगची अंतर्गत रक्कम देऊन तो हक्क मागता येतो. आता हे सगळं घरातल्या घरात. ज्याचं नाव यादीत आहे त्याने त्यावर सही केलेली नसते, कित्येकदा त्याला कुणी विचारलेलंही नसतं. पण बातमी येते ती अशी, की 'अमुक क्लबकडे डीब्रूएनेचे हक्क आहेत.' वाचणाऱ्याला वाटतं, आलाच आता! मुलगी वहीत शर्ट काढते. आणि तो दुसरीकडे गेला की आपल्या हातातलं कुणीतरी हिसकावून नेल्यासारखं होतं. मुळात हातात काही नव्हतंच. मे महिन्यात हे कुणीतरी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं होतं.

तुम्ही २०१८ मध्ये शिकागोला आलात, म्हणून त्याआधीच्या दोन गोष्टी सांगते. तुमच्या स्टँडमधल्या जुन्या लोकांना त्या पाठ असतील, आणि 'अपमान झाला' म्हणणारे बहुधा त्यांच्यातलेच असतील.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मेन जोन्स हा अमेरिकेच्या विश्वचषक संघातला मधल्या फळीतला खेळाडू लीगमध्ये यायला तयार झाला. शिकागोची त्याच्याशी आधीपासून बोलणी चालू होती. न्यू इंग्लंडलाही तो हवा होता. लीगने काय केलं? चिठ्ठी काढली. चिठ्ठी न्यू इंग्लंडच्या नावाची निघाली, आणि तो संघ त्याच वर्षी अंतिम सामन्यापर्यंत गेला. दुसऱ्याच वर्षी दिदिएर द्रोग्बा, चेल्सीचा नामांकित फॉरवर्ड. हक्क शिकागोकडे, बोलणी शिकागोची, पण सदतीस वर्षांच्या द्रोग्बाला माँट्रियल पसंत पडलं, आणि शिकागोने हक्क तिकडे देऊन टाकले. माँट्रियलकडून पहिल्या मिनिटापासून तो मैदानात उतरला तो पहिला सामना ५ सप्टेंबर २०१५ चा. समोर शिकागो. द्रोग्बाने तीन गोल केले, माँट्रियल ४-३ ने जिंकलं. त्या वर्षी शिकागो अख्ख्या लीगमध्ये शेवटचं होतं, पुढच्या वर्षीही शेवटचं.

ज्याने हे पाहिलंय त्याला डीब्रूएनेचा नकार हा पहिला नकार वाटणार नाही, तिसरा वाटेल. त्यांच्या रागाला मी खोटं म्हणणार नाही. पण त्या रागाचं देणं डीब्रूएने लागत नाही. चिठ्ठी त्याने काढली नव्हती.

आता भावाच्या वाक्याकडे येते. पेन्शन घ्यायला जातात, खेळायला नाही. हे वाक्य जगभर म्हटलं जातं, 'रिटायरमेंट लीग' हा शब्द तर इतका रुळलाय की लोक विचारही न करता वापरतात. शिकागोच्या बाबतीत तरी ते खोटं आहे, आणि याची दोन नावं तुमच्याजवळ असायला हवीत.

पहिलं नाव पीटर नोवाक. पोलंडचा, जर्मनीत म्युनिकच्या १८६० क्लबमध्ये खेळून आलेला. शिकागो फायर हा क्लब जाहीर झाला ८ ऑक्टोबर १९९७ ला, १८७१ ची शिकागोची मोठी आग ज्या तारखेला लागली त्याच तारखेला, नावही त्यावरूनच. पहिला मोसम १९९८ चा, कर्णधार नोवाक, वय चौतीस. शिकागोत पोलिश लोकांची वस्ती प्रचंड. क्लबने नोवाकसोबत रोमान कोसेत्स्की आणि येझी पोदब्रोझ्नी हे आणखी दोन पोलिश खेळाडू आणले, शिवाय चेक बचावपटू लुबोश कुबिक. नवख्या संघाकडून कुणाला काही अपेक्षा नव्हती. २५ ऑक्टोबर १९९८ ला त्यांनी रोझ बाउलमध्ये डीसी युनायटेडला २-० ने हरवून लीग जिंकली, दोन्ही गोलांच्या चाली नोवाकच्या पायातून आल्या, सामनावीरही तोच. पाच दिवसांनी शिकागोच्याच सोल्जर फील्डवर यूएस ओपन कप ही अमेरिकेतली बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकली. क्लबने आजवर लीग जिंकली ती तेवढी एकदाच, आणि जिंकून दिली ती चौतीस वर्षांच्या परदेशी माणसाने.

दुसरं नाव क्वाउतेमोक ब्लांको. मेक्सिकोचा. २००७ मध्ये आला तेव्हा तोही चौतीसचा. त्याला नुसतं लोकांसमोर उभं करायचं होतं, सामना नव्हता, तरी हजारोंनी माणसं स्टेडियमवर आली, कारण शिकागोत मेक्सिकन कुटुंबं किती आहेत ते तुम्ही रोज बघता. तो होता ती तिन्ही वर्षं, २००७, २००८, २००९, संघ पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला. आणि पेन्शनीत निघालेला म्हणावा तर २०१० च्या विश्वचषकात सदतिसाव्या वर्षी त्याने फ्रान्सविरुद्ध पेनल्टीवर गोल केला.

या दोघांचं शिकागोत जमलं, कारण तिथे त्यांची वाट बघणारी माणसं होती. रविवारी चर्चमधून बाहेर पडून तसेच मॅचला येणारे पोलिश आजोबा होते. शिकागोतल्या पिल्सन वस्तीच्या गल्ल्यांतली मेक्सिकन पोरं होती. पैसा त्यांनाही मिळाला, पण पैशाखेरीजही तिथे येण्याला कारण होतं.

जिथे असं कारण नव्हतं तिथे काय झालं, तेही पाहा. २०१७ मध्ये बास्टियन श्वाइनस्टायगर आला, विश्वविजेत्या जर्मनीचा, वर्षाला ५४ लाख डॉलरवर. चांगला खेळला, मनापासून खेळला, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या वर्षी संघ वर आला तो मुख्यतः नेमान्या निकोलिच या हंगेरियन फॉरवर्डमुळे. वॉर्सातून आलेला, मोठ्या जाहिरातींत नसलेला माणूस. २४ गोल करून त्याने लीगचा गोल्डन बूट घेतला. श्वाइनस्टायगरचा शर्ट विकत घेणाऱ्या किती जणांना निकोलिचचं नाव आठवतं? मग २०२२ मध्ये झेर्दान शाकिरी आला. पगार वर्षाला ८० लाख डॉलरच्या वर, लीगमधल्या सगळ्यात मोठ्या पगारांपैकी एक. तो असताना संघ एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, गेला नाही. तिथून तो आपल्या गावच्या बाझलला परत गेला आणि पहिल्याच मोसमात लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले. म्हणजे पाय थकले नव्हते. तिकडे घर होतं, इकडे नोकरी होती.

हे मी का सांगतेय? कारण डीब्रूएने शिकागोला आला असता तर तो नोवाक झाला असता की शाकिरी, याचा विचार तुमच्या मित्रमंडळींत कुणी केलेला दिसत नाही. 'अपमान झाला' म्हणणारे धरून चाललेत की तो आला असता तर सगळं सोनं झालं असतं. 'सुटलो' म्हणणारे धरून चाललेत की तो निव्वळ खर्च झाला असता. मन दुसरीकडे असलेला खेळाडू केवळ आकडा मोठा म्हणून येतो, तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान क्लबचंच होतं. लीगमध्ये एका क्लबला जास्तीत जास्त तीनच खेळाडू पगाराच्या मर्यादेबाहेर ठेवता येतात. ही सोय २००७ मध्ये बेकहॅम आला तेव्हा सुरू झाली, तिसरी जागा नंतर आली. त्या तीनपैकी एक जागा अर्ध्या मनाने आलेल्या माणसाला देऊन बसलं की दोन-तीन वर्षं ती जागा अडते. डीब्रूएनेने वेळेवर नाही म्हटलं, हे त्याने शिकागोचं भलंच केलं असं मी म्हणेन. तुम्हाला आज हे पटणार नाही कदाचित.

तुमच्या मुलीला आणखी एक सांगा, आणि हे तिला नक्की आवडेल. बेल्जियमहून एक जण शिकागोला आलाय. ह्यूगो कायपर्स. २०२४ च्या सुरुवातीला गेंटहून आला, सत्तावीस वर्षांचा, क्लबने त्याच्यासाठी तोवरची सगळ्यात मोठी किंमत मोजली. त्याआधी तो बेल्जियन लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता. डीब्रूएनेही लहानपणी गेंटच्याच अकादमीत शिकला. म्हणजे ज्या मैदानांवरून तो एक दुसरीकडे गेला, त्याच मैदानांवरून हा एक तुमच्याकडे आला, आणि २०२५ मध्ये तुमच्या संघाकडून सर्वाधिक गोल यानेच केले. ब्रुगेहून आलेला डेन्मार्कचा फिलिप झिंकरनागेल तिशीचा. त्याने गोल केलेही आणि करवलेही. या दोघांनाही शिकागो आवडलं की नाही हे तुमची मुलगी स्टँडमधून स्वतः बघू शकते. वहीच्या पानावरचा नंबर तेवढा बदलायचा. तेही तिने स्वतःहून केलं तर.

आता जरा जड बोलते.

डीब्रूएने जखमी झाला तो २५ ऑक्टोबरला, मिलानच्या इंटर क्लबविरुद्ध. पेनल्टी घेतली, गोल झाला, आणि चेंडू जाळ्यात जात असतानाच त्याने मांडीचा मागचा भाग धरला. सहकारी आनंदाने धावत आले तेव्हा तो वेदनेने वाकलेला होता. नंतर शस्त्रक्रिया झाली. २०२३ मध्येही याच दुखण्यापायी शस्त्रक्रिया होऊन तो पाच महिने बाहेर होता. चौतिसाव्या वर्षी हे पुन्हा होणं म्हणजे काय, हे खेळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि कोल्हापुरात वाढून तुम्ही खेळला नसाल असं मला वाटत नाही.

आणि त्याच आठवड्यात, २२ ऑक्टोबरला, शिकागो फायरने ओरलँडोला ३-१ ने हरवलं होतं. २०१७ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ. तुम्ही आलात २०१८ ला. म्हणजे तुम्ही तिकडे गेल्यापासून जे एकदाही पाहिलं नव्हतं, ते त्या आठवड्यात घडत होतं. पुढे फिलाडेल्फियाने हरवलं ते ठीक आहे, पण त्या आठवड्यात तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकायला हवा होता तो कायपर्सचा फोटो. मुलीचा स्टँडमधला फोटो. तुम्ही टाकलीत ती दुसऱ्या देशात, दुसऱ्या क्लबसाठी खेळताना जायबंदी झालेल्या माणसाची बातमी, आणि खाली 'बरं झालं'. भावाने बोलणं बंद केलं यात मला काही वावगं दिसत नाही.

पासपोर्टचं वाक्य तर त्याहून वाईट. तो फुटबॉलबद्दल बोलला होता, तुम्ही त्याच्या परिस्थितीबद्दल बोललात, तेही मावशीच्या देखत. त्याचं 'पेन्शन' हे चाहत्यांमधलं डिवचणं आहे. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यात शाहू स्टेडियमवर याहून तिखट ऐकून तुम्ही दोघं मोठे झालात, आणि सामना संपल्यावर एकाच गाडीवर मिसळ खाल्ली असेल. तुमचं वाक्य त्या खेळातलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्हाला डीब्रूएने मिळाला नाही म्हणून तुम्ही दुखावलात. तुमच्या भावाचा तर तो होता आणि गेला. दहा वर्षं. सहा वेळा प्रीमियर लीग, २०२३ ची चँपियन्स लीग, सिटीसाठी १०८ गोल, आणि प्रीमियर लीगमध्ये गोलला दिलेले पास मोजले तर त्याच्यापुढे फक्त रायन गिग्ज. त्याला क्लबने नवा करार दिला नाही. २० मे २०२५ ला बोर्नमथविरुद्ध त्याचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना झाला. समोर गोल मोकळा असताना त्याचा फटका आडव्या खांबाला लागला, आणि अख्खं स्टेडियम डोक्याला हात लावून बसलं. सामन्यानंतर त्याचा पुतळा उभारणार असं क्लबने जाहीर केलं. तुमच्या भावाने ते सगळं कोल्हापुरात मध्यरात्री जागून पाहिलं असणार.

मग १८ सप्टेंबर. नापोलीचा सामना सिटीच्या मैदानावर. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. डीब्रूएने परत आला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एकविसाव्या मिनिटाला नापोलीच्या कर्णधाराला लाल कार्ड मिळालं, संघ दहा जणांवर आला, बचावपटू आत घ्यायचा म्हणून प्रशिक्षक कोंटेने सव्वीसाव्या मिनिटाला बाहेर काढलं ते डीब्रूएनेलाच. सव्वीस मिनिटं. सिटी २-० ने जिंकली. जिंकूनही तुमच्या भावाला त्या रात्री झोप लागली असेल असं मला वाटत नाही. ज्या माणसासाठी तो रात्री जागवतो, त्याच्या दुखापतीवर त्याच्या दादाने 'बरं झालं' लिहिलं.

तेव्हा भावाशी काय बोलायचं? आधी फोन करा, मेसेज नको. तिकडे सुट्टीचा दिवस असेल आणि तो घरी असेल अशी वेळ बघा. पहिलं वाक्य पासपोर्टबद्दलचं असू द्या: "ते मी बोलायला नको होतं." तेवढंच. 'पण तूही' ने सुरू होणारं काही त्याला जोडू नका. दुसरं वाक्य 'बरं झालं' बद्दल. मग थांबा. तो गप्प राहिला तर राहू द्या, फोनवर शांतता झाली की ती भरून काढायची घाई करू नका. नंतर त्याला सप्टेंबरच्या त्या सामन्याबद्दल विचारा. पाहिलास का, काय वाटलं? त्याला बोलू द्या. शिकागोचं नाव त्या फोनमध्ये काढूच नका. मग ग्रुपवर, जिथे बोललात तिथेच, दोन ओळी लिहून माफी मागा, म्हणजे मावशीलाही दिसेल. चारचौघांत लागलेलं एकांतात पुरतं निघत नाही.

पेन्शनचा वाद मिटवायची घाई करू नका. तो चालू राहिला तर उलट बरंच. नोवाक आणि ब्लांको त्याला सांगा, पण पुढच्या वेळी. तो स्वीडनच्या इब्राहिमोविचचं उदाहरण देईल: छत्तिसाव्या वर्षी लॉस एंजेलिसला गेला, ५६ लीग सामन्यांत ५२ गोल केले. म्हणेल, बघ, किती सोपी लीग! तुम्ही सांगा, की तोच माणूस नंतर मिलानला गेला आणि २०२२ मध्ये इटलीची लीग जिंकला. यावर तुम्ही दोघं वर्षभर भांडू शकता, आणि भांडावं असं मला वाटतं.

मित्रमंडळींचं मी फार मनावर घेणार नाही. क्लबने जून २०२५ मध्ये स्वतःचं स्टेडियम जाहीर केलंय, शहराच्या मध्यापासून जवळ, २२ हजार आसनांचं, ६५ कोटी डॉलरचं, सगळा पैसा मालकाचा. ते उभं राहिलं की सोल्जर फील्डच्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून कोण आलं नाही याची यादी करण्याची गरज उरणार नाही. तोवर दोन्ही तटांना एवढंच विचारा: कायपर्सच्या नावाचं गाणं अजून कुणी का बांधलं नाही? बांधलं असेल तर मला पाठवा.

आणि तिकीट. घ्या. पण यंदा जागा निवडताना मुलीला सोबत बसवा. तिला गोलपोस्टमागे जायचं असेल, जिथे ढोल वाजतात, तर तिथली घ्या. तुमच्या गुडघ्यांना तिथे उभं राहणं झेपत नसेल तर तिला तसं सांगा आणि मधली जागा दोघांनी मिळून शोधा. भाऊ कधी तिकडे आलाच, तर तिसरं तिकीट त्या दिवसापुरतं सहज मिळेल.